घानाला सिनियर मिशनवर जायचंय? आमचे 18 महिने कसे गेले ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर मार्चमध्ये रिटायर होतायत, दोघंही साठीच्या आसपास आहात, आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चकडून घानाला 18 महिन्यांच्या सिनियर मिशनचं, म्हणजे वयस्क जोडप्यांनी करायच्या सेवेचं, बोलावणं आलंय आणि मुलगी म्हणते या वयात आफ्रिका कशाला. आणि तुम्हाला मुख्य म्हणजे हे हवंय की तिथे रोज सकाळी उठून नक्की करायचं काय असतं. आम्ही दोघं मूळचे नगरचे, 1998 पासून इंग्लंडमध्ये, मी नर्स होते आणि आमचे हे इलेक्ट्रिशियन. आम्ही घानातल्या कुमासी शहरात 18 महिने काढून आलो. म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा नाही तर कोकम सरबत घेऊन बसा.

पहिलं म्हणजे मनातून ते दारोदार फिरायचं चित्र काढून टाका. टाय लावून, छातीवर काळी पाटी लावून जोडीने फिरणारी जी पोरं आपण बघतो, त्यांचं काम वेगळं आणि आपलं वेगळं. सिनियर जोडप्यांना ना ती सकाळी साडेसहाची शिस्त, ना तेवढे नियम, ना रोज इतक्या लोकांना भेटलंच पाहिजे असं काही. घरी फोन कधीही करता येतो, नातवंडांना रोज बघता येतं. मुदतही आपण निवडतो, 6, 12, 18 किंवा 23 महिने. काही जोडपी मिशनच्या ऑफिसात बसतात, काही चर्चच्या टेम्पलमध्ये सेवा करतात, काही विहिरी आणि व्हीलचेअरची कामं बघतात, काही जुन्या नोंदी स्कॅन करतात. आम्हाला मेंबर आणि लीडर सपोर्ट दिलं होतं, म्हणजे दोन ब्रांच (चर्चच्या लहान मंडळ्या), त्यांच्या पुढाऱ्यांना मदत, आणि पाथवे या ऑनलाइन शिक्षणाचा वर्ग. खर्च आपला आपणच करायचा हे तुम्हाला ठाऊकच असेल, भाडं, जेवण, औषधं सगळं. आम्ही आधी तीन वर्षं बाजूला टाकत होतो तेव्हा जमलं.

आमचा दिवस सांगते. पाचला जाग यायची कारण कोंबडे आणि पलीकडच्या मशिदीची बांग आणि एखाद्या चर्चचा लाऊडस्पीकर सगळं एकदम सुरू व्हायचं. दोघं मिळून शास्त्र वाचायचं, प्रार्थना, मग मी भाकरी थापायची, हो भाकरी, तिथे मक्याचं आणि बाजरीचं पीठ मिळतं. आठ-साडेआठला गाडी काढायची. गाडी मिशनची होती. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, 1974 साली त्यांनी डावीकडून उजवीकडे बदललं, तर आपल्यासारख्या जन्मभर डावीकडून चालवणाऱ्यांना पहिले दोन आठवडे फार जपून राहावं लागतं, मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" म्हणायचे. सकाळी बहुतेक वेळा तरुण मिशनरी पोरांच्या खोल्या बघायला जायचो. ही पोरं, त्यांना एल्डर म्हणतात, अठरा-एकोणीस वर्षांची, कोणी नायजेरियाचं, कोणी झिम्बाब्वेचं, कोणी अमेरिकेचं. मच्छरदाणी फाटलीय का, पाण्याचा फिल्टर बदललाय का, गॅसची नळी नीट आहे का, बाथरूम कसंय, हे सगळं बघायचं आणि यादीवर टिक करायची. कागदावर हे काम इन्स्पेक्शनचं, पण प्रत्यक्षात आईचं. एकदा एका खोलीत गेलो तर एक पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला, दुसरा म्हणाला काही नाही सिस्टर, थकलाय. मी कपाळाला हात लावला तर तापाने फणफणत होता, तीन दिवस कुणाला बोलला नव्हता कारण त्याला वाटलं घरी पाठवतील. तिथूनच क्लिनिकला नेला, मलेरिया निघाला. संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशी बसले, तो त्याच्या आईशी फोनवर बोलला तेव्हा रडला आणि मग मला म्हणाला, तुम्ही बोला तिच्याशी. त्या बाईंची आणि माझी भाषा वेगळी, त्यांचं इंग्लिश मोडकं, पण दोन्हीकडे आईच होती ना.

दुपारी ऊन फार, दीड ते तीन आम्ही घरीच. संध्याकाळी भेटीगाठी. ब्रांच प्रेसिडेंट म्हणजे कोण, तर दिवसभर लाकडाच्या वखारीत काम करणारा तिशीचा माणूस, त्याला पावत्या, नोंदी, मुलांच्या वर्गाचे शिक्षक, सगळं सांभाळायचं. आमच्या ह्यांना आधी वाटायचं की आपण जाऊन सगळं नीट लावून द्यावं, पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या नोंदींचा तक्ता करून दिला. तो तक्ता कोणी वापरला नाही. मिशन प्रेसिडेंटांनी आम्हाला बसवून सांगितलं की तुम्ही 18 महिन्यांत निघून जाल, हे लोक इथेच राहणारेत, तुम्ही करू नका, ते करताना शेजारी बसा. ताई, मला वाटतं सगळ्या मिशनचं सार याच्यात आहे. शेजारी बसणं. आपल्याला ते काम वाटत नाही, घरी फोनवर सांगायला काही नसतं की आज काय केलं, पण तेच काम आहे आणि ते सोपं नाही.

पाथवेचा वर्ग आठवड्यातून एकदा भरायचा. बीवाययू पाथवे म्हणजे चर्चच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीशी जोडलेलं ऑनलाइन शिक्षण, पहिल्या वर्षात इंग्लिश, गणित, अभ्यास कसा करायचा वगैरे, आणि पुढे डिग्रीपर्यंत जाता येतं. आमच्या वर्गात एक बाई होती, चाळिशीची, प्लास्टिकच्या पिशवीतलं प्यायचं पाणी विकायची, तिथे त्याला प्युअर वॉटर म्हणतात, डोक्यावर टोपलीत घेऊन गाड्यांच्या मधून फिरतात. दिवसभर विकून ती वर्गाला यायची. एक दिवस वीज गेली, तिकडे वीज जाण्याला डुमसोर म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच बंद-चालू असा आहे, तर तिने फोनची बॅटरी उभी धरली, शेजारणीने वही धरली आणि ती बोट ठेवून ठेवून टक्केवारीचं गणित सोडवत होती. पन्नास पिशव्यांवर किती सुटतात हे ती तोंडी सांगायची, कागदावर तेच मांडायला तिला दोन महिने लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी वही छातीशी धरून उभी राहिली. मी आजही डोळे मिटले की ती दिसते.

जेवणाचं तुम्ही विचारलंय. घाबरू नका, आपल्या जिभेला ते परकं नाही. शेंगदाण्याचं सूप म्हणजे आपली दाण्याची आमटीच, फक्त जास्त दाट आणि त्यात कोंबडी किंवा मासा. कोन्तोमिरे नावाची पालेभाजी असते, ती अळूच्याच जातीची पानं, मी चिंच-गूळ घालून फदफदं केलं तर घरमालकीण दोनदा मागून जेवली. जोलोफ भात मसालेभाताच्या नात्यातला. फुफू म्हणजे कसावा आणि केळं उखळात कुटून केलेला गोळा, तो चावायचा नाही, सूपात बुडवून गिळायचा, पहिल्यांदा जड जातं. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, हात दाखवायचासुद्धा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आणि त्या एका गोष्टीने लोक आपल्याला लवकर आपलं म्हणतात. वाराप्रमाणे नाव ठेवतात तिथे. मी रविवारी जन्मलेली म्हणून मी अकोसुआ, आमचे हे शुक्रवारचे म्हणून कोफी. बाजारात कोणी अकोसुआ म्हणून हाक मारली की मी वळायला लागले होते.

एक गोष्ट जाण्याआधी समजून घ्या, कारण तिथले जुने लोक ती सांगतील. घानात बिली जॉन्सन नावाच्या माणसाने 1964 पासून, चर्चने मिशनरी पाठवायच्या कितीतरी आधी, स्वतःच्या बळावर मंडळ्या उभ्या केल्या होत्या आणि तो पत्रं लिहून मिशनरी मागत होता. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद द्यायचं नाही ही बंदी जून 1978 मध्ये उठली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जे पश्चिम आफ्रिकेत पोचले ते कोण, तर मेबी आणि कॅनन ही दोन वयस्क जोडपी. डिसेंबरमध्ये केप कोस्टला समुद्रात शंभराहून जास्त लोकांचा बाप्तिस्मा झाला. मग जून 1989 मध्ये सरकारने चर्चवर बंदी आणली ती नोव्हेंबर 1990 पर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष. आमच्या ब्रांचमधल्या एक आजी सांगायच्या, त्या दीड वर्षात आम्ही घरात पडदे लावून, आवाज न करता स्तोत्रं म्हणायचो. मग मला म्हणाल्या, तू 18 महिन्यांसाठी आलीस ना, आम्ही तेवढेच महिने वाट बघितली होती. मी शिकवायला आलेय असं जे थोडंफार मनात होतं ते त्या दिवशी गेलं.

आता अवघड भाग. आजारपण हा एक, पण खरं सांगू का, चोवीस तास नवरा-बायकोने एकत्र राहणं हा त्याहून मोठा. तीस-पस्तीस वर्षं ते कामावर, आपण कामावर, संध्याकाळी भेट, आणि अचानक एकच गाडी, एकच खोली, एकच काम. तिसऱ्या महिन्यात आमचं असं वाजलं की दोन दिवस कामापुरतंच बोलत होतो, आणि त्यातसुद्धा लोकांच्या घरी जाऊन कुटुंबाबद्दल बोलायचं होतं. मग आम्ही ठरवलं की सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सकाळचे तीन तास ज्याने त्याने आपलं आपलं काढायचे. ते केजेतिया मार्केटला तारा-स्क्रू बघत फिरायचे, मी घरी बहिणीला फोन करायचे. तेवढ्यावर निभावलं. आणि दुसरं, घरी काही झालं तर. माझे मोठे दीर आम्ही तिथे असताना गेले. जायला परवानगी होती, पण आम्ही दोघांनी बोलून राहायचं ठरवलं, आणि अंत्यविधी फोनवर बघितला. त्या संध्याकाळी ब्रांचमधली अकरा माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. कोणी उपदेश केला नाही. शेजारी बसली. तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही वेगळं ठरवाल, त्यात चूक-बरोबर काही नाही, पण जायच्या आधी दोघांनी आणि मुलीशी यावर मोकळं बोलून ठेवा.

मुलीला काय सांगायचं ते मी कसं सांगणार, पण तिला आकडे द्या. कुमासीत चांगली हॉस्पिटल्स आहेत, इंग्लिश सरकारी भाषा आहे, अक्रा ते कुमासी विमानाने पाऊण तास. तिची काळजी खोटी नाही हेही म्हणा, कारण ती खोटी नाहीच. माझ्या मुलाला मी दर रविवारी आमच्या ब्रांचचे फोटो पाठवायचे, सहा महिन्यांनी तोच विचारायला लागला की ती पाणीवाली बाई पास झाली का.

सामानात सुती कपडे जास्त, सिंथेटिक अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमट्टनची धूळ येते, ओठ आणि टाचा फुटतात, व्हॅसलिनच्या दोन बाटल्या घ्या. हिंग, गोडा मसाला घ्या, चिंच नाही लागत, ती तिकडे मिळते. कुकरची जास्तीची रिंग आणि शिट्टी नक्की घ्या, मला तिकडे मिळाली नाही. मलेरियाची गोळी रोज न चुकता, आमच्या ह्यांनी दोन आठवडे टाळली आणि त्यांना झाला. आणि सगळ्यात आधी यलो फिव्हरची लस बघा. सर्टिफिकेटशिवाय घानात घेत नाहीत आणि परत येताना भारतात उतरलात तर ते नसेल तर सहा दिवस बाजूला ठेवतात. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि साठीनंतर ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी नीट बोलून ठरवावं लागतं, तुमचे मिस्टर साठीचे आहेत तर त्यांची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या.