सरांचा पक्ष, बाबांचा पक्ष

"शिक्षक वर्गात राजकारण आणतात, मुलांवर परिणाम होतो. तक्रार करू का?" निवडणुका जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्यातलीच ही एक हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

नववीतली मुलगी आणि तिचे बाबा आले होते. बाबांनी तीन पानी तक्रारअर्ज छापूनच आणला होता. नागरिकशास्त्राचे सर एका नेत्याची नक्कल करतात, वर्ग खो-खो हसतो, आणि तो नेता नेमका यांच्या घरच्या पक्षाचा. मुलीने तासाला हात वर करणं बंद केलं होतं. "शिक्षकाने तटस्थ राहायला नको का?" बाबा तावातावाने विचारत होते. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिची वही मागितली. एका प्रश्नाचं उत्तर पेनाने, सरांना आवडेल अशा भाषेत लिहिलेलं होतं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहून खोडलं होतं. "पण घरी असं मानत नाहीत" एवढं वाचता आलं.

"सरांना वाटतं मी बाबांच्या बाजूची," ती म्हणाली. "बाबांना वाटतं सर मला फितवतायत. माझं अजून काही ठरलेलंच नाही. पण तसं म्हटलं तर दोघंही चिडतील."

शिक्षकाला मतच नसावं ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही. पश्चिम जर्मनीत 1976 साली बॉयटेल्सबाख इथे शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चेतून तीन तत्त्वं पुढे आली: विद्यार्थ्यावर मत लादू नये, समाजात आणि अभ्यासकांत जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडावं, आणि परिस्थिती तपासून स्वतःचं हित ओळखण्याची ताकद विद्यार्थ्यात यावी. गप्प बसा, असं त्यात कुठेच नाही. म्हणून मी एवढंच पाहते, की वेगळं बोलणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते का? गुण कापले जातात का, टोमणा बसतो का? नक्कल इथे सरळ नापास होते, कारण सगळे हसत असताना एकट्याने हात वर करणं मोठ्यांनाही जमत नाही. उलट, सिद्ध झालेली गोष्ट आपल्या पक्षाला अडचणीची आहे म्हणून तिला पक्षपात म्हणता येत नाही. पालक हे दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

मग बाबांसोबत बसून अर्ज वाचला. मुलीने स्वतः ऐकलेल्या वाक्यांखाली रेघ मारायला सांगितलं. तीन पानांत तीनच रेघा पडल्या. बाकीचं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेलं, नाहीतर त्यांनी लावलेला अर्थ. त्यांना मी 1985 सालच्या एका अमेरिकी प्रयोगाबद्दल सांगितलं. परस्परविरोधी बाजूंच्या समर्थकांना एकाच विषयावरच्या त्याच टीव्ही बातम्या दाखवल्या, तर दोघांनाही त्या आपल्याच विरोधात झुकलेल्या वाटल्या. बाबांना ते फारसं रुचलं नाही. पण नवा अर्ज अर्ध्या पानाचा झाला आणि तो मुख्याध्यापकांऐवजी आधी सरांकडे गेला.

सर आधी तडकले, "अहो, गंमत होती ती!" नक्कल बंद झाली खरी, पण त्यांनी निवडणुकांचा विषयच सोडून दिला. हेही नुकसानच. पुन्हा भेटल्यावर त्यांना सुचवलं, की मुलांना आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा लिहायला लावा, आणि तो किती भक्कम मांडला यावरच गुण द्या. "मलाही लिहावा लागेल मग," सर म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच फळ्यावर लिहिला. मुलीच्या मते तो अगदीच लेचापेचा होता.

बाबांना घरचा अभ्यास दिला: बातम्या बघताना तिला काय वाटतं ते विचारायचं आणि मध्ये बोलायचं नाही. दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी टीव्हीवरच ओरडले.

शेवटच्या भेटीत तिने सांगितलं, काल पुन्हा विचारलं त्यांनी. ती म्हणाली, "अजून ठरलं नाही." बाबांनी तोंड उघडलं, थांबले आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.