काळे वासे म्हणजे आग लागली होती असं नाही

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ज्या फार्महाऊसमध्ये तुम्ही सुट्टीला राहिलात त्याबद्दल दोन शंका आहेत: माळ्यावरचे वासे काळेकुट्ट आहेत, म्हणजे कधी आग लागली होती का? आणि मधोमध विटांचं धुराडं असताना मालक घर पंधराव्या शतकातलं कसं म्हणतात?

आग नसावी, काजळी असावी. आणि तीच मालकांच्या बाजूने साक्ष देते.

त्या भागातल्या सुखवस्तू शेतकऱ्याचं घर तेव्हा ओकच्या चौकटीचं, कुडाच्या भिंतींचं असे. मधला हॉल जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळा, आणि जमिनीवरच उघडी चूल. धुराडं नाहीच. धूर वाशांवरून रेंगाळत फटींतून आणि बिनकाचेच्या खिडक्यांतून बाहेर पडे. दोन्ही टोकांच्या खोल्या मात्र दुमजली. धुराडं घालून हॉलवर मजला चढवणं हे बहुतेक ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकातलं काम. त्यानंतर काळं छप्पर माळ्यावर गेलं आणि तसंच राहिलं.

असं घर मूळ रूपात बघायचं तर वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जा. तिथलं बे-लीफ घर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाउ बीच जलाशयात ती जागा जाणार म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते सुटं करून हलवलं. बघताना ते एकसंध वाटतं, पण लाकडातल्या वर्तुळांवरून हॉलचा भाग साधारण १४०५-३० चा आणि मालकाच्या खोल्यांचं टोक १५०५-१० चं निघालं. म्हणून घराला एकच साल चिकटवणाऱ्या पाटीवर माझा फारसा विश्वास नसतो.

आता तुमचं घर. हॉल आणि टोकाची खोली यांच्यामधली भिंत छपरापर्यंत गेली असेल तर माळ्यावर तिच्या दोन्ही बाजू बघा. हॉलकडची काळी आणि पलीकडची स्वच्छ असेल, तर प्रश्न जवळजवळ मिटला. जळलेलं लाकूड वेगळं दिसतं: कडा खाल्लेल्या, पृष्ठभागावर चौकोनी भेगा. काजळीखाली मात्र कडा शाबूत असतात.

एक अडचण आहे. जुन्या घराचे काळे वासे नव्या घरात सर्रास वापरले जात. वाशावर उगाच रिकाम्या खाचा असतील, किंवा शेजारशेजारच्या वाशांपैकी एक काळा नि एक कोरा असेल, तर सावध राहा. जोडणीचा क्रम कळावा म्हणून सुतारांनी कोरलेले रोमन आकडे ओळीने लागत असतील तर चौकट मूळची असण्याची शक्यता वाढते. (रिकाम्या खाचा दाखवून 'ही जुन्या जहाजाची लाकडं' असं सांगणारे मालक तिकडे पावलोपावली भेटतात. ऐकून सोडून द्या.)

काजळी खरवडून मात्र बघू नका. अशी घरं बहुधा संरक्षित यादीत असतात आणि परवानगीशिवाय केलेला फेरबदल गुन्हा ठरू शकतो; शिवाय पुरावाच जातो. पुन्हा जाणं झालं तर त्या भिंतीचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.