जास्वंद काळी दिसावी की पांढरी?

प्रश्न : केवळ कृष्णधवल छायाचित्रे टिपणारा डिजिटल कॅमेरा मी अलीकडेच घेतला. परसातले लाल जास्वंदीचे फूल डोळ्यांना पानांतून उठून दिसते. छायाचित्रात मात्र फूल आणि पाने एकाच करड्या छटेत मिसळून जातात. जुन्या रंगीत कॅमेऱ्यातले छायाचित्र संगणकावर कृष्णधवल केले, तर ते याहून बरे दिसते. नव्या कॅमेऱ्यात काही दोष असेल का? — एक वाचक, वाई

उत्तर : दोष कॅमेऱ्यात नाही. सेन्सरमधले सिलिकॉन मुळातच रंगांध असते. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढेच त्याला कळते. म्हणून बहुतेक रंगीत कॅमेऱ्यांत सेन्सरवर रंगीत फिल्टरांची बारीक जाळी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेल्या या रचनेत सेन्सरवरच्या दर चार बिंदूंपैकी (पिक्सेलांपैकी) दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या फिल्टरखाली असतो, आणि प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. केवळ कृष्णधवल कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ २०१२ सालच्या लायका एम मोनोक्रोममध्ये किंवा २०२३ सालच्या पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोममध्ये ही जाळीच नाही. त्यामुळे जाळीत अडणारा प्रकाशही सेन्सरपर्यंत पोहोचतो, अंदाजाचे काम उरत नाही, आणि पाकळीवरच्या शिरा, परागकण, देठावरची लव इतकी स्वच्छ उमटते की रंगीत कॅमेऱ्याची सवय असलेला माणूस पहिल्यांदा पाहताना थबकतो.

मात्र या लाभाची किंमत आपल्या जास्वंदीने मोजली आहे. लाल पाकळी आणि हिरवे पान जवळजवळ सारखाच प्रकाश परावर्तित करत असतील, तर या सेन्सरला त्यांच्यात फरक करायला काही आधारच राहत नाही. रंगीत छायाचित्रात लाल आणि हिरव्याची नोंद वेगवेगळी असल्याने फूल उजळ करायचे की गडद, हे आपण घरी निवांत बसून ठरवू शकता. इथे तो निर्णय शटर दाबण्यापूर्वी, भिंगावर रंगीत फिल्टर लावूनच घ्यावा लागतो. नंतर संगणकावर कितीही खटपट केली, तरी एकदा मिसळलेल्या छटा वेगळ्या होत नाहीत.

लाल फिल्टर (२५ क्रमांकाचा) लावला, तर जास्वंद पांढरट होऊन पाने काळोखी होतील. हिरवा लावला, तर पाने उजळतील आणि फूल काळसर, मखमली दिसेल. आपल्या घरातल्या जुन्या छायाचित्रांत पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळेभोर का दिसते, याचे कारणही बहुधा हेच असते : त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर जास्वंदीला हिरवा फिल्टरच शोभतो, कारण लाल फिल्टरमध्ये पाकळीवरच्या शिरा पुष्कळदा धुऊन निघतात आणि फूल कागदाचे वाटू लागते.

एक व्यावहारिक अडचण ध्यानात ठेवावी. पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), तर गडद लाल सुमारे तीन. वाऱ्यावर डुलणारे फूल जवळून टिपताना तीन स्टॉप फार जड जातात. तेव्हा आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता ठरवणारा आकडा) निःसंकोच वाढवावा, कारण या सेन्सरवर तो रंगीत कॅमेऱ्यापेक्षा बराच अधिक सोसतो. फिल्टर लावल्यानंतरच फोकस करावा, कारण लाल प्रकाशाचा फोकस पुष्कळ भिंगांत किंचित सरकतो.

प्रश्न : मोगरा आणि पांढरा चाफा टिपताना पाकळ्या जळून कोऱ्या होतात. उपाय काय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : एक्स्पोजर कमी ठेवणे, हाच खरा उपाय आहे. रंगीत कॅमेऱ्यात तीन रंगांपैकी एखादा भरून वाहिला, तरी उरलेल्या दोहोंवरून तपशील थोडाफार परत मिळवता येतो; कृष्णधवल सेन्सरवर मात्र बिंदू एकदा भरला की तिथे काहीच उरत नाही. म्हणून सर्वांत उजळ पाकळीवर स्पॉट मीटरने (लहानशा भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) मोजावे. हा मीटर पांढरी पाकळीही मधल्या करड्या छटेची धरतो, तेव्हा त्या मापाच्या दीड ते दोन स्टॉप वर एक्स्पोजर ठेवावे, त्यापलीकडे जाऊ नये. सावल्या गडद आल्या, तर त्या नंतर उजळता येतात. ऊन कडक असल्यास फुलावर मलमलीचे पातळ कापड धरावे, किंवा सरळ ढग येण्याची वाट पाहावी. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांचे मॅग्नोलियाच्या फुलाचे १९२५ सालचे छायाचित्र मिळाल्यास अवश्य पाहावे. पांढऱ्या पाकळीत किती करड्या छटा असतात, हे त्यात दिसते.

चाफ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा पिवळा गाभा पांढऱ्या पाकळीत विरून जातो, आणि सवयीने पिवळा फिल्टर लावला तर तो पुरताच नाहीसा होतो. इथे निळा फिल्टर लावावा. तो फारसा कुणी बाळगत नाही, पण चाफ्याचा गाभा गडद करून त्याला खोली देतो.

प्रश्न : सप्टेंबरात कास पठारावर जाणार आहे. एकच फिल्टर न्यायचा, तर कोणता? — एक वाचक, पुणे

उत्तर : पिवळा, किंवा ढग फारसे नसतील तर नारिंगी. त्यातून सोनकी उजळ येते, सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा गडद होतो, आणि ढगांमागचे आभाळही गडद होते. गुलाबी तेरड्याचे गालिचे मात्र यात फारसे खुलणार नाहीत. त्यांच्यासाठी हिरवा हवा, तेव्हा खिशात जागा असल्यास तोही असू द्यावा. ट्रायपॉडचे पाय पायवाटेवरच टेकवावेत, आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा असेल, तर तोही वाटेवरच वाळूच्या लहान पिशवीवर टेकवून काम भागवावे.