गार्सिया : पाळण्यातलं नाव आडनाव कसं झालं?

एका वाचकाने विचारलं आहे : फर्नांडेझ, रॉड्रिगेझ, मार्टिनेझ, लोपेझ अशी स्पॅनिश आडनावं 'एझ'ने संपतात, मग सगळ्यांत जास्त आढळणारं 'गार्सिया' तसं का नाही? त्याचा अर्थ काय? आणि राजस्थान-गुजरातेतल्या गरासियांशी त्याचं काही नातं आहे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, तो लवकर मिटेल. नातं नाही. गरासिया हा शब्द 'ग्रास'वरून आलेला, म्हणजे निर्वाहासाठी तोडून दिलेल्या जमिनीचा धनी. गार्सिया जन्मलं पिरेनीज पर्वताच्या कुशीत. ऐकायला सारखं वाटतं, तेवढंच.

आता 'एझ'. हा प्रत्यय 'अमक्याचा मुलगा' एवढंच सांगतो. रोद्रिगोचा तो रॉड्रिगेझ, सांचोचा सांचेझ, गोंझालोचा गोंझालेझ, पेद्रोचा (जुन्या बोलीत पेरोचा) पेरेझ. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या यादीतल्या पहिल्या दहा आडनावांपैकी आठ याच घाटाची आहेत. उरतात दोन, गार्सिया आणि मार्तिन. ही दोन्ही मुळात पाळण्यात ठेवायची नावं. बापाचं नाव प्रत्यय न लावता मुलाच्या नावामागे लागलं आणि तिथेच राहिलं. आलोन्सो आणि विसेंते ही आडनावंही अशीच बनली.

पण गार्सियाला प्रत्यय लागतच नव्हता असं नाही. लागायचा, आणि त्याचं रूप होतं 'गार्सेस'. उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या, म्हणजे पुढच्या नावारच्या, राजांची वंशावळ काढून बघा. 905 साली गादीवर आला सांचो गार्सेस पहिला, म्हणजे गार्सियाचा मुलगा सांचो. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ पहिला. त्याचा सांचो गार्सेस दुसरा, त्याचा गार्सिया सांचेझ दुसरा, त्याचा सांचो गार्सेस तिसरा (इतिहासात 'थोरला' म्हणून गाजलेला तो हाच), आणि त्याचा गार्सिया सांचेझ तिसरा. हा शेवटचा 1054 मध्ये आतापुएर्काच्या लढाईत सख्ख्या भावाच्या सैन्याशी लढताना पडला. सहा पिढ्या, नावं दोनच. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याला काही नवी नाही. इथे ती एवढी काटेकोर पाळली गेली की 'सांचेझ' आणि 'गार्सेस' ही त्या काळात आडनावं नव्हतीच, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. बाप बदलला की मागचा शब्दही बदलायचा.

नाव बोलण्यात रुळलं की झिजतं, तसं हेही झिजलं. पुढे दुसरं नाव आलं की गार्सियाचं नुसतं 'गार्सी' व्हायचं. दहाव्या शतकातला कास्तीलचा सरदार गार्सी फर्नांडेझ हे एक उदाहरण. सोळाव्या शतकातला कवी गार्सिलासो दे ला वेगा याचं नावही 'गार्सी' आणि 'लासो' एकत्र चिकटून झालेलं आहे.

अर्थाबाबत मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. नाव बास्क मुलखातलं, म्हणजे स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीजच्या पश्चिम टोकाकडचं, यावर बहुतेकांची सहमती आहे. जुन्या लॅटिन कागदपत्रांत ते 'गार्सेआ', 'गार्सिआस' असं सापडतं. लोकांना आवडणारी व्युत्पत्ती 'अस्वल' ही. बास्कमध्ये अस्वलाला 'आर्त्स' म्हणतात, लिहिताना आधी 'ह' घालतात. अस्वल म्हणजे दांडगा, धीट माणूस, असा अर्थ सांगितला की ऐकणारा खूश. त्या मुलखात प्राण्यांवरून नावं ठेवतही असत. 'लोपे' हे लॅटिनमधल्या लांडग्यावरून आलं, 'ओचोआ' बास्कमधल्या लांडग्यावरून. तेव्हा अस्वल अगदीच हवेतलं नाही. अडचण सुरुवातीच्या 'ग'ची आहे. तो कुठून आला, याचं समाधानकारक उत्तर या मताकडे नाही.

दुसरं मत बास्क भाषेचे अभ्यासक आल्फोन्सो इरिगोयेन यांचं. त्यांच्या मते हे नाव 'गार्त्से' या जुन्या विशेषणावरून आलं. त्याचंच आजचं रूप 'गास्ते', म्हणजे तरुण. बास्कमध्ये शब्दाच्या शेवटी 'आ' जोडला की तो निश्चित होतो, म्हणून 'गास्तेआ' म्हणजे 'तो तरुण', आपल्या भाषेत धाकटा. माझा कौल या मताला. एक तर सुरुवातीचा 'ग' आणि शेवटचा 'आ' दोन्ही जागच्या जागी बसतात. दुसरं म्हणजे पाम्प्लोनाच्या गादीवर त्याआधी असलेल्या राजघराण्यात 'एनेको' हे नाव होतं, ज्याचं पुढे 'इन्यिगो' झालं. त्याचा अर्थ 'माझा छोटा' असा लावला जातो. जिथे मुलाला लाडाने 'छोटा' म्हणत आणि पुढे तेच राजाचं नाव होई, तिथे 'धाकटा' हे नाव असणं सहज पटतं. त्या घराण्यातल्या इन्यिगो राजाच्या मुलाचं नावही गार्सियाच होतं.

आता प्रसार. आज स्पेनमध्ये दर शंभर माणसांत साधारण तिघांचं पहिलं आडनाव गार्सिया असतं. राजघराण्यांतलं नाव म्हणून ते नावारमधून लेओन आणि कास्तील या स्पेनमधल्याच राज्यांत गेलं, आणि तिथले लोक दक्षिणेकडे नव्याने जिंकलेल्या मुलखात जाऊन वसले तसं त्यांच्याबरोबर खाली उतरलं. पण मला आणखी एक कारण दिसतं. बाकीच्या नावांची मतं फुटली. सांचोची आडनावं झाली सांचेझ, साएझ, साइंझ आणि सांझ. फर्नांडोची फर्नांडेझ आणि हर्नांडेझ अशी दोन मोठी शकलं झाली. गार्सेस हे रूप मात्र मागे पडलं, आणि गार्सियांची बहुतेक सगळी मतं एकाच पेटीत जमा झाली.

म्हणूनच 'गार्सिया घराण्याचं मूळ मानचिन्ह' छापलेले कप आणि चौकटी विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. घराणं एक नव्हतंच. गावोगावी गार्सिया नावाचे बाप होऊन गेले आणि प्रत्येकापासून वेगळी शाखा फुटली. दोन गार्सिया भेटले तर ते एकमेकांचे भाऊबंद असतील असं धरून चालायचं कारण नाही.

अटलांटिकपलीकडेही हीच गत. मेक्सिकोत हर्नांडेझनंतर गार्सियाच. अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत ते आठव्या क्रमांकावर होतं, 2010 मध्ये सहाव्यावर आलं. पुढे फक्त स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन आणि जोन्स.

आडनाव इतकं पसरलं की ते ओळख पटवेनासं होतं. स्पॅनिश रीतीत आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या वडिलांचं आडनाव गार्सिया, आईचं लोर्का. जग त्यांना 'लोर्का' म्हणून ओळखतं, कारण नुसत्या गार्सियाने कोण कळणार? गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचं मात्र वडिलांचं आडनाव सोडून नुसतं 'मार्केझ' करण्याची सवय आपल्याकडे फार. स्पॅनिश ग्रंथालयात 'म'च्या कप्प्यात शोधलंत तर ते सापडणार नाहीत. 'ग'मध्ये बघा.

आपल्या बाजूला हे नाव पोहोचलं ते मात्र जुन्या रूपात, पाळण्यातलं नाव म्हणून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. त्याचं कूळ स्पेनमधून पोर्तुगालला आलेल्या ज्यूंचं. मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने त्याच्यावर खटला चालवून 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याचं आडनाव ओर्ता, त्यामुळे 'गार्सियाचा ग्रंथ' म्हणणं म्हणजे पहिल्या नावाने हाक मारणं झालं. जाता जाता, गोव्यातले फर्नांडिस, रॉड्रिग्स, लोपिस हे त्याच 'एझ'चे पोर्तुगीज चुलतभाऊ. पोर्तुगीजमध्ये तो 'एस' असा लिहितात.

राहिलं लेखन. मूळ उच्चारात जोर 'सी'वर आहे, गार-सी-आ. स्पेनच्या बहुतेक भागांत त्या 'सी'चा 'थी' होतो आणि 'गार्थीआ' ऐकू येतं. लॅटिन अमेरिकेत आणि आंदालुसियाच्या बऱ्याच भागात 'गार्सीआ'. मराठीत 'गार्सिया' रुळलं आहे, तेच ठेवावं. 'गार्शिया' मात्र लिहू नये, तो 'श' कुठल्याच बाजूला नाही.