सेक्शन शहाण्णव, उंदीर बारा

प्रश्न : मी एम.एस्सी. न्यूरोसायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेझर्टेशन बाइंडिंग होऊन सबमिट झालं, पुढच्या पंधरवड्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे. विषय : दीर्घकाळच्या ताणाचा हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागावर) होणारा परिणाम. सहा विस्टार उंदीर रोज सहा तास, असे २१ दिवस रिस्ट्रेनरमध्ये (हालचाल करू न देणाऱ्या नळीत) ठेवले, सहा कंट्रोल, म्हणजे ताण न दिलेले. मग वॉटर मेझ (टाकीतल्या पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायची चाचणी), आणि शेवटी क्रेसिल व्हायोलेट हा रंग लावून हिप्पोकॅम्पसच्या सीए थ्री या भागातल्या पेशी मोजल्या. प्रत्येक उंदराच्या मेंदूचे आठ सेक्शन (पातळ काप), एकूण ९६. त्यांवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्या ताडायची चाचणी) लावली तर ताण दिलेल्या उंदरांत पेशी कमी, पी ०.०३ (पी ०.०५ च्या खाली आला तरच फरक धरतात). परवा उंदरागणिक सरासरी काढून तीच टेस्ट लावून बघितली, तर पी ०.१४! गाईड सर म्हणतात, "राहू दे, एवढं कोणी विचारत नाही." मला झोप लागत नाही. एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) पकडलं तर? आणि फरकच नसेल तर वर्षभर मी केलं काय?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुझं परवाचं गणित बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते. ताण उंदराला दिला होतास, सेक्शनला नाही. एकाच पातेल्यातली आमटी आठ चमच्यांनी चाखली म्हणून आठ आमट्या होत नाहीत. मी एक्स्टर्नल म्हणून जाते तेव्हा गोषवाऱ्याच्या आधी तक्ते उघडते. दोन गटांत मिळून बारा प्राणी, म्हणजे टी-टेस्टचे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम : एकूण नमुने वजा दोन) १० हवेत. तुझ्या तक्त्यात ९४ असणार. हे पकडायला न्यूरोसायन्स लागत नाही, वजाबाकी पुरते. त्यामुळे 'कोणी विचारत नाही' यावर विसंबू नकोस.

पण सरांना अंधारात ठेवून व्हायवाच्या दिवशी हे बाहेर काढू नकोस. गाईडला परक्या माणसासमोर तोंडघशी पाडणं तुला परवडणारं नाही. आधी जाऊन भेट. "सर, चुकलंय" असं सुरू करण्यापेक्षा "सर, उंदरागणिक सरासरीचा तक्ता पीपीटीत घालू का? विचारलंच कोणी तर हाताशी असेल" असं विचार. बहुतेक जण हो म्हणतात. त्या खोलीत त्यांनाही बसायचंच असतं. ते हो म्हणाले की एक पानाचं शुद्धिपत्र तयार कर आणि विभागाला विचारून सगळ्या प्रतींत लाव. स्वतःहून दाखवलेली चूक आणि परीक्षकाने शोधून काढलेली चूक, यांच्या गुणांत फार फरक पडतो.

आता 'वर्षभर केलं काय' याकडे येते, कारण तुझ्या कामातली खरी गंमत तिथे आहे. क्रेसिल व्हायोलेटने रंगतं काय? पेशीच्या धडातले निसल कण. मायक्रोस्कोपखाली सीए थ्रीचा जांभळा पट्टा ठसठशीत दिसतो, एकेक पिरॅमिडल पेशी टपोरी दिसते. पण तिच्या डेंड्राइटच्या, म्हणजे इतर पेशींचे संदेश घेणाऱ्या, फांद्या? धडापाशी जरासा जांभळा कोंब, की पुढे सगळं फिकट. आणि ताणाचा घाव बसतो तो या फांद्यांवर. न्यूयॉर्कला ब्रूस मॅकईवन यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये हाच, तुझ्यासारखा २१ दिवस रोज सहा तासांचा ताण देऊन, गॉल्जी पद्धतीने (हिच्यात पेशी फांद्यांसकट रंगते) दाखवलं होतं की सीए थ्रीच्या पेशींच्या वरच्या अंगाच्या फांद्या आखूड आणि विरळ होतात. तेव्हा बंगळुरूला असलेल्या सुमंत्र चटर्जी यांच्या गटाचं २००२ मधलं काम तर तू वाचलेलं असायलाच हवं : हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या खुरटतात, आणि अमिग्डाला या भीतीशी निगडित भागामध्ये उलट फोफावतात. पेशी मेल्याच पाहिजेत असं यात कुठेही नाही. तुझे ०.०३ बघून माझ्या भुवया उंचावल्या असत्या, ०.१४ वाचून मी मान डोलावली असती.

मात्र लगेच 'ताणाने पेशी कमी होत नाहीत हे सिद्ध झालं' असं बोलू नकोस. सहा-सहा उंदरांत लहानसहान फरक हाती लागतच नाही. 'या नमुन्यात फरक आढळला नाही. फांद्या पाहायच्या तर गॉल्जी करावं लागेल' एवढं म्हण. "मग केलं का नाही?" हा पुढचा प्रश्न येणारच. वेळ नव्हता, हे खरं असेल तर तेच उत्तर दे.

घाम फुटणार आहे तो वॉटर मेझवर. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये ही रीत मांडली तेव्हापासून परीक्षकांचे आवडते प्रश्न ठरलेले आहेत. प्लॅटफॉर्म गाठायला जास्त वेळ लागला, पण उंदीर पोहतच हळू होते का? कडेकडेने फिरत राहिले का? प्लॅटफॉर्म काढून घेतल्यावर टाकीच्या ज्या चतुर्थांशात तो होता तिथे किती वेळ घुटमळले, आणि तो वेळ नुसतं आंधळेपणाने पोहूनही मिळणाऱ्या २५ टक्क्यांहून जास्त होता का? आणि तू कुठे उभी होतीस? टाकीतलं पाणी गढूळ, प्लॅटफॉर्म पाण्याखाली. उंदराला आधार फक्त खोलीतल्या खुणांचा, आणि पांढऱ्या कोटातली तू ही त्यातली सगळ्यात मोठी खूण. रोज एकाच जागी उभी राहत होतीस ना?

'कंट्रोल उंदीर शिकले, ताण दिलेले शिकले नाहीत, म्हणून दोन्हींत फरक' असं वाक्य थीसिसमध्ये आहे का बघ. एका गटात पी छोटा, दुसऱ्यात मोठा, एवढ्याने फरक ठरत नाही. दोन गट एकमेकांशीच ताडून बघावे लागतात. २०११ मध्ये मेंदूविज्ञानाचे शोधनिबंध याच नजरेने तपासले गेले, तेव्हा अशी तुलना करणाऱ्या १५७ निबंधांपैकी ७९ चुकलेले निघाले, तेही नावाजलेल्या नियतकालिकांतले. तेव्हा लाजू नकोस, फक्त दुरुस्त कर.

आता हे तुझ्या सगळ्या वर्गासाठी : बाकी तयारीचा फार बाऊ करू नका. स्लाइड कमी ठेवा, एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक पाठ असू द्या, आणि एक्स्टर्नलच्या जेवणासाठी वर्गभर वर्गणी काढण्यात दोन दिवस घालवू नका. आम्हाला चहा पुरतो.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाहीस. पेशी मोजताना कोणता उंदीर कुठल्या गटातला, हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असलं की नकळत अपेक्षेसारखं मोजलं जातं. असेल तर अजून पंधरवडा हातात आहे. मैत्रिणीला स्लाइडवरच्या लेबलांवर कागदी पट्ट्या चिकटवायला सांग, प्रत्येक उंदराचे निदान दोन सेक्शन पुन्हा मोज, आणि आधीचे आकडे व आत्ताचे आकडे शेजारी शेजारी ठेवून सरांकडे घेऊन जा.