रिमोट कुणाच्या हातात?

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा मुलगा म्हणतो, पुढच्या लढाया ड्रोनच लढतील, जवान लागणारच नाहीत. खरं का हो? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला, म्हणजे लष्कराच्या इंजिनीअर दलातला. उमेदीची वर्षं सुरुंग काढण्यात गेली, त्यामुळे माणसाऐवजी यंत्र पुढे गेलं तर मला आनंदच. आपल्या दिघीला डीआरडीओने (संरक्षण संशोधन संस्थेने) घडवलेला ‘दक्ष’ रोबो जिने चढतो, बेवारस पिशवीचा एक्स-रे काढतो, पाण्याच्या जोरदार माऱ्याने बॉम्ब निकामी करतो. पण ठरवतो तो लांब रिमोट धरून बसलेला जवान!

खरी स्वायत्तता, म्हणजे यंत्राने स्वतःच ठरवणं, निराळी. युक्रेनमध्ये रेडिओ जॅम झाला, म्हणजे शत्रूने सिग्नल अडवला, की ड्रोन आंधळा. म्हणून काही ड्रोन सिग्नलसाठी ऑप्टिकल फायबरची केसासारखी तार मागे सोडत उडतात, तर काहींना शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यावरून स्वतःच लक्ष्य धरायला शिकवलंय. या दुसऱ्या वाटेची मला धास्ती वाटते. सुरुंगही तसा स्वयंचलितच. पाय जवानाचा की गुराख्याचा, हे तो बघत नाही.

आणि जवान लागणारच. चिखलात बसून बॅटऱ्या बदलणार कोण? चिरंजीवांना म्हणावं, कोडिंगबरोबर सोल्डरिंगही शिका.