विमानतळ पाण्याखाली जातो आणि तरीही रोज चालतो, हे खरे आहे का?

होय, स्कॉटलंडमधील बारा नावाच्या बेटावर असा विमानतळ आहे (नाव बारा असले, तरी धावपट्ट्या तीनच!). या धावपट्ट्या समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर लाकडी खांबांनी आखलेल्या असून भरती आली की त्या पाण्याखाली जातात, त्यामुळे विमानांचे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहूनच ठरवावे लागते. वाळूत शिंपले वेचणाऱ्यांसाठीही नियम आहे: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकत असेल, तर किनाऱ्यावर पाऊल ठेवायचे नाही.

त्याच देशातील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले सुमारे २.७ किलोमीटरचे उड्डाण तर दोनेक मिनिटांतच आटोपते. पट्टा आवळून जरा सावरून बसावे, तोच उतरायची वेळ होते.